व्ही-क्रॉसला स्पेसर लावू का? आधी टायर नेमका कुठे घासतोय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, मूळ टायर २५५/६० आर १८. तुम्ही २६५/६५ आर १८ चढवले आणि आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर घासल्याचा आवाज येतो. दुकानदार म्हणतो, चारही चाकांना दोन इंची स्पेसर (हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, आणि चाक यांच्यामध्ये बसणारा धातूचा जाड तुकडा) टाका, घासणं थांबेल आणि गाडी रुबाबदारही दिसेल. हंगामात मागे क्रेट भरून गाडी फिरते. स्पेसर लावावेत का, कोणते आणि कसे?

कराडला माझं वर्कशॉप आहे. गेली बावीस वर्षं जीप आणि पिकअपचीच कामं करतोय. स्पेसर बसवलेही आहेत आणि दुसऱ्यांनी बसवलेले काढून फेकलेही आहेत. एका ओळीत उत्तर हवं असेल तर: दोन इंची नको. बाकीचं मोजमापावर ठरेल, आणि ती मापं तुम्हीच अंगणात घेऊ शकता.

आधी टायरचा हिशोब. जुन्या टायरचा व्यास साधारण ७६३ मिमी, नव्याचा ८०२ मिमी. म्हणजे धुऱ्यापासून टायरची कड चहूबाजूंनी १९ मिमी लांब गेली. रुंदी मात्र १० मिमीनेच वाढली, म्हणजे आतल्या बाजूला फक्त ५ मिमी. याचा अर्थ घासणं रुंदीपेक्षा उंचीमुळे असण्याची शक्यता जास्त आहे. स्पेसर चाक बाहेर सरकवतो, उंची कमी करत नाही. दुकानदाराने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. (जाता जाता: स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १०५ ने धावत असेल. आणि रिमच्या आत रुंदी कोरलेली असते, ती या टायरला चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या.)

आता घासतंय कुठे, ते शोधा. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खांद्याला ओला चुना फासा. सपाट जागेवर हळू चालवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मग एक चाक ठोकळ्यावर चढवून पुन्हा तेच करा, कारण सस्पेन्शन दबल्यावर चित्र बदलतं. चुना जिथे उमटेल ती जागा खरी.

चुना वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला चासीशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा चासीच्या पट्टीवर उमटला, तर टायर आत लागतोय. इथे स्पेसरचा उपयोग होतो. पण चुना मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर, पुढे बंपरच्या कोपऱ्यात किंवा मागे मडफ्लॅपजवळ उमटला, तर स्पेसरने दुखणं वाढेल. चाक बाहेर सरकलं की वळताना टायर मोठं वर्तुळ कापतो. आज प्लास्टिकला घासणारा टायर उद्या पत्र्याच्या कडेला लागेल. अशा वेळी लायनर, म्हणजे ते आतलं प्लास्टिक, थोडं गरम करून मागे दाबणं, मडफ्लॅप सरकवणं किंवा सरळ एक माप छोटा टायर घेणं हाच इलाज. माझ्याकडे ‘स्पेसर लावून द्या’ म्हणत आलेल्या कितीतरी गाड्या नुसतं लायनर मागे दाबून परत गेल्या आहेत.

समजा चुना आत उमटला. मग किती जाडीचा स्पेसर लागेल? टायर आणि आर्म यांच्यात किमान बोटभर, म्हणजे १० ते १२ मिमी फट असावी, असं मी धरतो. दगड, चिखल आणि टायरच्या बाजूचा फुगवटा यांना एवढी जागा लागतेच. आज फट शून्य असेल तर गरज १२ मिमीची झाली. खरी अडचण इथेच आहे, कारण १२ मिमीचा स्पेसर नीट बसवता येईल अशी सोय गाडीत नसते.

ती अडचण समजण्यासाठी दोन जाती माहीत हव्यात. पहिली, नुसती चकती. ३ ते ५ मिमी जाड, मूळ स्टडवर (हबमधून बाहेर आलेले आटेदार बोल्ट) सरकवायची आणि वरून चाक लावून मूळ नट आवळायचे. यात नटाला मिळणारे आटे चकतीच्या जाडीइतके कमी होतात. तुमच्या गाडीचे स्टड एम१२ आणि आट्यांचा पिच १.५ मिमी आहे. नट स्टडच्या व्यासाइतका, म्हणजे किमान १२ मिमी आत जायला हवा. भाषांतर करायचं तर हाताने लावून ८ पूर्ण फेरे. चकती लावल्यावर फेरे मोजा. सहा-सात फेऱ्यांत नट टेकला तर ती चकती तुमच्या गाडीसाठी नाही. दुसरी गोष्ट, हबच्या मध्यभागी जी गोल कड असते तिच्यावर चाक मध्यात बसतं. चकतीने त्या कडेची उंची खाल्ली की चाकाला बसायला काही उरत नाही.

दुसरी जात, बोल्ट-ऑन. जाड ॲल्युमिनियमचा स्पेसर मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळायचा. त्याच्यात वेगळे स्टड दाबून बसवलेले असतात, त्यांवर चाक. म्हणजे दर चाकाला सहाऐवजी बारा नट. हे साधारण २५ मिमीपासून पुढे मिळतात, कारण त्याहून कमी जाडीत आतले नट आणि बाहेरचे स्टड दोन्ही मावत नाहीत. ५ च्या वर आणि २५ च्या खाली काही हवं असेल तर मूळ स्टड काढून लांब स्टड ठोकावे लागतात. ते काम प्रेसवर व्हावं. रस्त्यावर नट आवळून स्टड खेचून बसवणारे मी पाहिलेत. त्यात स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी मान टाकतो.

म्हणून १२ मिमीची गरज असलेल्या माणसाला मी पहिला सल्ला देतो तो स्पेसरचा नसतोच. कमी ऑफसेटचे रिम घ्या. रिमवर ‘ईटी’ आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट. तो आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. ईटी ३० च्या रिमऐवजी त्याच रुंदीचा ईटी १८ रिम लावला तर चाक तितकंच १२ मिमी बाहेर येतं, आणि मधे ना चकती ना जादा नट. पैसे जास्त लागतात, हे खरं. पण टायर बदलायची वेळ तशीही आली असेल, तर हा खर्च माझ्या मते योग्य जागी जातो.

रिम परवडत नसतील आणि चुना आतच उमटत असेल, तर २५ मिमीचा बोल्ट-ऑन, तोही चांगल्या प्रतीचा, इथपर्यंत मी येतो. ५० मिमीला मी हात लावत नाही. कारण सांगतो. पुढच्या एका चाकावर ६०० किलो भार धरा. चाक २५ मिमी बाहेर गेलं की गाडी उभी असतानाच हब-बेअरिंगवर सुमारे १४७ न्यूटन-मीटरचा जादा पीळ येतो. ५० मिमीला तो दुप्पट. खड्ड्यात आपटताना हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. शिवाय चाक बाहेर गेलं की ज्या रेषेभोवती ते वळतं तिच्यापासून टायरचा मध्य लांब जातो. स्टिअरिंग जड होतं, आणि एका चाकाखाली दगड आला की हाताला झटका बसतो. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, दारांवर चिखल उडतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडी.

मागच्या चाकांचं वेगळं बोलतो, कारण तुम्ही क्रेट भरता. या पिकअपचा मागचा धुरा सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे चाकाला फिरवणारा शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो. भरलेल्या गाडीत सगळा जोर त्या शाफ्टवर आणि त्याच्या टोकाच्या बेअरिंगवर असतो. मागे काही घासत नसेल तर फक्त दिसण्यासाठी तिथे स्पेसर टाकू नका, ही माझी विनंती समजा. पुढे रुंद आणि मागे अरुंद अशी गाडी चालते. रस्त्यावर थोडा फरक जाणवतो, आणि चिखलात मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत नेमकी पडत नाहीत, तेवढं सोसावं लागतं. फोर-व्हील-ड्राइव्हच्या गिअरांना त्याने काही होत नाही. त्यांना चारही टायर एकाच व्यासाचे लागतात, बस.

बोलेरो पिकअप किंवा योद्धा घेऊन भाड्याने माल वाहणारे येतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पुष्कळांना वाटतं, चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि रबरासारखा परत आखडू पाहतो. त्या ओढीने चाक हबवर दाबलं जातं, आणि त्या दाबातून निर्माण झालेल्या घर्षणावर चाक उभं असतं. एम१२ च्या कोरड्या आट्यांवर १२० न्यूटन-मीटरने नट आवळला तर एका स्टडची ओढ ढोबळमानाने ५ टन होते. सहा स्टडची ३० टन. एवढ्या दाबाखाली चाक जागचं हलत नाही आणि स्टडला आडवा मार बसत नाही. दाब कमी झाला की चाक केसभर सरकायला लागतं, दर फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा तो तुटतो. स्पेसरने हा दाबाचा जोड एकाऐवजी दोन ठिकाणी केला, आणि त्यातला आतला जोड चाक काढल्याशिवाय दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरून आलेली एक पिकअप माझ्याकडे टो करून आणली होती. मालक म्हणाला, मागचं डावं चाक डगमगतंय, बेअरिंग गेलं असेल. बाहेरचे सहाही नट कडक होते. चाक काढलं तर आत कुणीतरी लेथवर कातून दिलेली लोखंडी जाड चकती. आतल्या सहा नटांपैकी दोन नव्हतेच, तीन हाताने फिरत होते. ड्रमची भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. त्या मालकाने दर महिन्याला नट तपासले होते, प्रामाणिकपणे. पण बाहेरचे. आत आणखी सहा आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरेदी करताना काय बघायचं? सहा भोकं जुळली म्हणजे स्पेसर जुळला असं नाही. व्ही-क्रॉसची भोकं ६×१३९.७, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा, टोयोटा हायलक्सचीही तीच. पण व्ही-क्रॉसच्या हबचं मधलं माप १००.१ मिमी आणि हायलक्सचं १०६.१. हायलक्ससाठीचा स्पेसर तुमच्या गाडीवर चढेल, नटही लागतील, पण मधे चहूबाजूंनी ३ मिमीची पोकळी राहील. मग तो मध्यात आहे की नाही हे फक्त नटांच्या भरवशावर, आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरलं की लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसतात. आत १००.१ चं भोक आणि बाहेर चाकासाठी त्याच मापाची उभी कड, दोन्ही हव्यात. ती कड वजन पेलण्यासाठी नाही, नट आवळेपर्यंत सगळं मध्यात धरून ठेवण्यासाठी आहे. व्हर्नियर घेऊन दुकानात जा आणि मोजूनच पैसे द्या.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ ॲल्युमिनियम, अखंड तुकड्यातून कातलेला किंवा घडवलेला. ओतीव माल नको. खडबडीत पोत, साच्याची रेघ, बारीक छिद्रं ही ओतीवाची खूण. लेथवाल्याकडून करून घेऊ नका. लेथवाला कसबी असेल, पण धातू कुठला, त्याला उष्णतेची प्रक्रिया दिली का आणि स्टड कुठल्या दर्जाचे, हे त्याच्या हातात नसतं.

आणखी एक माप, जे जवळपास सगळे विसरतात. हबच्या सपाटीपासून मूळ स्टडच्या टोकापर्यंतची लांबी. ती स्पेसरच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर डोकावतील आणि चाकाला पाठीमागून टेकतील. नट कडक लागतील, पण चाक स्पेसरवर न बसता सहा टोकांवर बसलेलं असेल. बऱ्याच अलॉय रिमच्या पाठीला भोकांच्या मधे खोलगट खाचा असतात, त्यात ही टोकं मावू शकतात. लोखंडी रिमला त्या सहसा नसतात. आणि तुमची स्टेपनी लोखंडी असेल तर पंक्चरच्या रात्रीच हे कळेल. म्हणून आधीच बघा. कणकेचे छोटे गोळे स्टडच्या टोकांवर चिकटवा, चाक हलकं लावून काढा. कणीक चेपून धातू दिसला तर २५ मिमीचा स्पेसर त्या चाकाला चालणार नाही, कमी ऑफसेटच्या रिमकडे वळा. टोकं कापून कमी करायला सांगणाराही भेटेल. मी ते करत नाही, कारण उद्या स्पेसर काढले तर मूळ चाकाला आटे पुरायचे नाहीत.

बसवण्याचं काम घाईचं नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, उरलेल्या चाकांना ठोकळे लावून, आणि जॅकखेरीज स्टँडवर. चाक काढल्यावर हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडवर पातळ पत्र्याच्या चकत्या अडकवलेल्या असतील तर काढा, ड्रमवर एखादा स्क्रू वर आलेला असेल तर तो बघा. गंजाचा पापुद्रा किंवा पत्रा मधे राहिला की पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो चुरडतो आणि नट आपोआप ढिले होतात. तोंडावर ग्रीस नाही, आट्यांवर तेल नाही. तेल लावलेल्या आट्यावर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) स्टडला कितीतरी जास्त ताणतो.

स्पेसर हाताने बसवा. तो टेकला पाहिजे, डुलता कामा नये. सोबत आलेलेच नट वापरा. गाडीचे मूळ नट आत लावले तर ते बाहेर डोकावतात. मग समोरासमोरचे नट अशा क्रमाने, तीन फेऱ्यांत: आधी साधारण ४० टक्के, मग ७०, मग पूर्ण टॉर्क. आकडा गाडीच्या आणि स्पेसरच्या पुस्तिकेतला घ्या, मी वर १२० हिशोबासाठी धरला आहे. पुस्तिकांतले आकडे वेगळे असतील तर आतल्या नटांना स्पेसरवाल्याचा, बाहेरच्यांना गाडीचा. टॉर्क रेंचच वापरा. हवेच्या गनने किंवा पान्याला पाईप लावून नाही. आतले नट आवळताना हब फिरतो, तेव्हा कुणाला तरी ब्रेक दाबून बसायला सांगा. मग चाक लावून बाहेरचे नट तसेच तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टायर जमिनीला टेकवून.

नंतर १०० किलोमीटर चालवा, चाकं काढा आणि आतले नट पुन्हा टॉर्क करा. ही पायरी गाळायची असेल तर स्पेसर लावूच नका. पूर्वी मी ग्राहकाला नुसतं सांगून सोडायचो. निम्मे परत यायचे नाहीत. आता बसवतानाच पुढची तारीख ठरवतो, आणि नाही आले तर फोन करतो. त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला, आणि पावसाळ्याआधी एकदा.

आतल्या नटांना बसणारा बारीक भिंतीचा सॉकेट आणि टॉर्क रेंच गाडीतच ठेवा. पंक्चरवाला फक्त बाहेरचे नट बघतो आणि गनने ठोकतो. त्याला हाताने लावायला सांगा, शेवटचा टॉर्क तुम्ही द्या.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कडकपणेच वाचली आहे. टायर मडगार्डबाहेर आलेली गाडी रस्त्यावर नजरेत भरते. विमा कंपनीला बसवण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बेअरिंग किंवा सस्पेन्शनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही धरून चला. ऑस्ट्रेलियात पिकअपचं वेड आपल्यापेक्षा मोठं, पण तिथल्या नियमावलीत मूळ गाडीत नसलेले स्पेसर हब आणि चाक यांच्यामध्ये लावायला मनाई आहे.

तेव्हा या रविवारी एवढं करा: चुन्याची चाचणी दोन्ही चाकांवर, हबपासून स्टडच्या टोकापर्यंतची लांबी, आणि रिमच्या आत कोरलेली रुंदी व ईटी. स्टेपनीचा रिम लोखंडी आहे का तेही बघा. चुना लायनरवर उमटला तर मला विचारायची गरज नाही, हीट गनवाल्याकडे जा. आर्मवर उमटला तर मापं कळवा, मग २५ मिमीचा स्पेसर की कमी ऑफसेटचा रिम, ते ठरवू. आणि दुकानदाराला दोन इंचीचा अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर तो परत मागा.